वाचल्याची पोच

"सी हमादी, हा कागद मला साध्या शब्दांत समजावून सांगा. त्याला माझं पत्र मिळालं का नाही?"

रौधा तळघराच्या दारात उभी होती. नावाआधीचं ते आदराचं 'सी' ऐकून हमादीनं खुर्ची पुढं केली, तिच्यावरच्या जुन्या वायरी उचलून कपाटावर टाकल्या, पण ती बसली नाही. कारखान्याच्या यंत्रांची देखभाल बघणारी ही इंजिनीयर तीन वर्षांत या खोलीत पहिल्यांदाच आली होती. तसं तिथं कोणीच येत नसे. स्फाक्सच्या बंदराला लागून असलेल्या त्या मासळीच्या कारखान्यात चारशे माणसं कामाला होती. त्यांतल्या निम्म्यांना, कारखान्याची मेल सांभाळणाऱ्या माणसाचं, हमादी कशाऊ हे नाव ठाऊक होतं, ते मेलखालच्या सहीमुळं. 'तुमची पेटी भरत आली आहे, जुनी पत्रं काढून टाकावीत. ह. कशाऊ.' एकदा जेवणघरात हिशेबखात्यातल्या एका पोरीनं त्याला विचारलं होतं, तुम्ही खरंच आहात होय, मला वाटायचं ते मशीनचंच नाव आहे. तेव्हा तो हसला होता. मग कितीतरी दिवस ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं.

त्यानं कागद घेतला आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. अकरा फेब्रुवारी, सकाळी आठ वाजून एकतीस मिनिटं. 'आपलं पत्र पुढील सर्व्हरच्या हवाली करण्यात आलं आहे. मात्र त्या सर्व्हरकडून पोच पाठवली जात नाही.'

अकरा फेब्रुवारीचं पत्र आता साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. त्यातले नेमके शब्द कोणी वाचले नव्हते. असं एक पत्र होतं असं रौधा म्हणते, एवढंच. तिसऱ्या शीतगृहातल्या कॉम्प्रेसरचा वाल्व अमोनिया सोडतोय, तो बंद करा, असं तिनं कारखान्याचा व्यवस्थापक लसाद याला कळवलं होतं. आठ दिवसांनी तो वाल्व फुटला. त्या वेळी आत नूरुद्दीन नावाचा मजूर होता, केरकेना बेटावरचा. जगला, पण दोन्ही डोळे गेले. लसादचं म्हणणं, असलं पत्र मला आलंच नाही. आणि पत्र आलं नसेल तर दोष रौधाच्या माथी येत होता, कारण धोका दिसत असून तिनं वर कळवलं नाही असा त्याचा अर्थ. कामगार खात्याच्या निरीक्षक बाईंनी हमादीकडून लेखी उत्तर मागवलं होतं. पत्र पोचलं होतं का, आणि पोचलं असल्यास उघडलं गेलं का. मुदत पुढच्या बुधवारची होती. आज गुरुवार, मे महिन्याची आठ तारीख.

हमादीनं तिला समजावलं. इंजिनीयरांच्या आणि खालच्या कचेऱ्यांच्या पेट्या याच तळघरातल्या जुन्या सर्व्हरवर होत्या. साहेबलोकांच्या पेट्या दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर गेल्या. जुना सर्व्हर पत्र पुढं देताना विचारतो, पोच देणार का. बाहेरचा सर्व्हर त्या विषयावर बोलतच नाही. मग जुना आपल्यापुरतं लिहून मोकळा होतो, की मी हवाली केलं, पुढचं मला ठाऊक नाही.

"म्हणजे पोचलं."

"पोचलं. त्यांनी ते घेतल्याची नोंद माझ्याकडं आहे."

"मग वाचल्याची पोच? तीसुद्धा मागितली होती मी. दोन्ही खुणा केल्या होत्या."

"ती आली नाही?"

"आली असती तर तुमच्या दारात उभी राहिले असते का?"

हमादीनं बघतो म्हणून सांगितलं. ती गेली. तिच्या बुटांचा आवाज जिन्यावरून वर जाईपर्यंत तो ऐकत राहिला आणि मग मशीनकडं वळला.

अशी कामं त्याला मनापासून आवडत. छप्पन्न वर्षांचं वय, लग्न झालेलं नाही. ग्रेम्दा रस्त्यावर चौथ्या किलोमीटरला आईनं ठेवलेलं घर होतं, आणि चार वर्षांपूर्वी आईही गेली. धाकटा भाऊ मार्सेलला, वर्षातून एकदा फोन करणारा. पण कुठलं पत्र कुठं अडकलं, कुठल्या दारातून परत फिरलं हे शोधायला बसलं की हमादीला तहानभूक राहत नसे. त्यानं आपल्याच दोन पेट्या काढल्या, एक जुन्या सर्व्हरवर, एक बाहेरच्या. इकडून तिकडं चाचणीचं पत्र धाडलं, दोन्ही पोचा मागितल्या. रौधाला आली होती तश्शीच अर्धवट सूचना आली. ते अपेक्षितच होतं. मग त्यानं बाहेरच्या पेटीत जाऊन ते पत्र उघडलं आणि घड्याळाकडं बघत बसला. दीड मिनिटात इकडं पोच हजर. 'आपलं पत्र वाचण्यात आलं.' पुन्हा एकदा केलं. पुन्हा आली. फोनवरून उघडून बघितलं, तरी आली.

म्हणजे रस्ता मोकळा होता. साहेबलोकांच्या पेट्यांतून वाचल्याची पोच आपोआप जाते. तो ट्यूनिसच्या मुख्य कचेरीचा हुकूम होता, आणि ती सोय कोणालाही बंद करता येत नव्हती. लसादनं पत्र उघडलं असतं तर पोच यायलाच हवी होती. आली नाही, अर्थात त्यानं ते उघडलंच नसणार. हमादीला हायसं वाटलं. उत्तर लिहायला त्यानं नवं पान उघडलं, पहिली ओळ लिहिलीसुद्धा, आणि दुसऱ्या ओळीवर त्याची बोटं थांबली.

त्याला आठवलं.

लसादशी त्याची अकरा वर्षांची मैत्री होती. लसाद तेव्हा मालाची कागदपत्रं बघणारा कारकून होता, आणि बिघडलेलं छपाईयंत्र घेऊन तळघरात आला होता. पुढं तो चढत चढत व्यवस्थापक झाला, पण साडेदहाची कॉफी त्यानं सोडली नाही. बंदराच्या फाटकाशी एक टपरीवजा कॉफीखाना होता. दोघं तिथं उभ्याउभ्या कॉफी घेत, लसाद बोलत असे आणि हमादी ऐकत असे. हमादीच्या आईची ताटी वाहणाऱ्या चौघांत लसाद होता. रमजान ईदच्या सकाळी खारवलेली मासळी आणि कांदा-मनुकांची चटणी, शर्मूला, त्याच्या बायकोकडून डब्यात भरून यायची, कारण एकट्या माणसाच्या घरी ती कोण करणार. दिवसभरात हमादीला त्याच्या नावानं हाक मारणारा माणूस तो एकच.

दोन वर्षांपूर्वी, पेट्या बाहेर गेल्या त्याच महिन्यात, कॉफी पिता पिता लसाद वैतागून म्हणाला होता, "अरे, तुझ्या त्या पोचांनी जीव नकोसा केलाय. संडासात बसून फोन बघितला तरी गावाला कळतं. पत्र उघडून पाच मिनिटं होत नाहीत तोवर फोन. साहेब, वाचलंत ना, मग काय ठरलं? एवढं बंद कर बाबा."

ते बंद करणं हमादीच्या हातात नव्हतं. पण बाहेरून येणारं प्रत्येक पत्र तळघरातल्या एका यंत्रातून गाळून आत येई, आणि ते यंत्र त्याचंच होतं. त्यानं तिथं एक ओळ लिहून ठेवली. लसादच्या पत्त्यावरून वाचल्याची पोच आली तर ती टाकून द्यावी, कोणालाही न कळवता. हुकमाविरुद्धचं काम होतं. कुठं लिहून ठेवलं नाही, कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लसादनं कॉफीबरोबर त्याला केक खाऊ घातला होता.

हमादीनं त्या यंत्राच्या नोंदी उघडल्या. टाकून दिलेल्या प्रत्येक पत्राची एक ओळ तिथं राहत होती, नव्वद दिवस. मग नव्वदाव्या दिवशी दुपारी दोनला यंत्र स्वतःच ती पुसून टाकी. त्यानं अकरा फेब्रुवारी शोधली.

आठ वाजून बावन्न मिनिटं, लसादकडून रौधाला. 'वाचलं', आणि पुढं तिच्या पत्राचाच विषय: तिसरं शीतगृह, वाल्व, तातडीचं. टाकून दिलं.

तिच्या खालची ओळ आठ वाजून त्रेपन्न मिनिटांची होती. लसादकडून गोदामाला. 'वाचलं', बुधवारचे ट्रक. टाकून दिलं.

म्हणजे रौधाचं पत्र लसादच्या डोळ्यांपुढं एखादं मिनिट होतं.

अकरा फेब्रुवारीपासून त्यानं बोटांवर दिवस मोजले. आज शहाऐंशीवा. ती ओळ सोमवारी दुपारी दोन वाजता पुसली जाणार होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो नेहमीसारखा टपरीवर गेला. लसाद आधीच आलेला होता, चौकशी सुरू झाल्यापासून त्याचं वजन उतरलं होतं, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. हमादीला आडवळणानं बोलणं जमत नसे. त्यानं जे दिसलं ते सरळ सांगितलं, वेळेसकट.

लसाद बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिला.

"वाचलं असेल," तो शेवटी म्हणाला. "खोटं नाही सांगत, मला आठवतच नव्हतं. दिवसाला दोनशे पत्रं उघडतो मी. त्या आठवड्यात इटलीचा माल होता, बावीस टन. तिसरं दालन बंद केलं असतं तर सगळी मासळी कुजली असती. वाचलं असेन, उद्या बघू म्हटलं असेन. मग तो उद्या राहून गेला." मग त्यानं विचारलं, "हे आणखी कोणाला दिसतं?"

"मला एकट्याला."

"किती दिवस राहतं?"

हमादीनं सांगितलं.

"सोमवारी," लसाद म्हणाला. बंदरात एका बोटीवरून बर्फाच्या लाद्या उतरत होत्या, तिकडं बघत त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, मी तुला खोटं बोलायला सांगत नाही. तसलं मी तुला कधीच सांगणार नाही. फक्त काही करू नकोस. घरी जा, झोप काढ, सोमवारी दुपारी जेव, आणि मग बाईंना खरं काय ते लिही. की नोंदी शिल्लक नाहीत. ते खरंच असेल. माझी दोन पोरं शिकतायत, हमादी. आणि त्या माणसाचे डोळे काही त्यानं परत येणार नाहीत."

कॉफीचे पैसे लसादनं दिले आणि जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

शनिवारी हमादीनं घर झाडलं. आईच्या खोलीतल्या गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकल्या. चार वर्षांत त्यांवर कोणी झोपलं नव्हतं, तरी दर उन्हाळ्यात तो त्या उन्हात टाकी. दुपारी पाव आणायला गेला तेव्हा पाववाल्यानं न विचारता एकच पाव कागदात गुंडाळला. संध्याकाळी त्यानं निरीक्षक बाईंना उत्तर लिहायला घेतलं. एका कागदावर लिहिलं, 'नोंदी उपलब्ध नाहीत.' दुसऱ्यावर काही लिहिलं नाही. दोन्ही कागद मेजावर ठेवून तो त्यांच्याकडं बघत बसला.

नूरुद्दीनला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शीतगृहातल्या मजुरांना कंपनीची पेटी नसे, त्यामुळं त्याचं नाव हमादीच्या कुठल्याच यादीत नव्हतं. चेहरा आठवायचा म्हटलं तरी काही हाती लागेना. उलट लसादचा चेहरा सारखा पुढं येई. आईच्या मयतीच्या दिवशी ताटी खांद्यावर घेतलेला, घामानं निथळणारा.

रविवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. लसाद होता. बायकोनं मासळीचा कुसकुस केलाय, ये जेवायला, आम्ही थांबतो. त्याचा आवाज मोकळा होता, मागं कुठं तरी पोरांचा दंगा ऐकू येत होता. अकरा वर्षांत रविवारचं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. हमादी हो म्हणाला. त्यानं दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, बूट चढवले, नाड्या बांधल्या. मग दाराशी तसाच उभा राहिला. त्या घरातल्या मेजाशी आपल्याला कुठली खुर्ची देतील, पोरं आपल्याला काय म्हणून हाक मारतील, हे त्यानं आजवर कितीदा तरी मनात रंगवलं होतं. तो परत आत आला आणि पोट बिघडल्याचं फोनवर कळवलं. लसाद काळजी घे म्हणाला. बूट काढायचं हमादीला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यानं नोंदींची ती पानं छापून काढली. पत्र हवाली केल्याची ओळ, पोच टाकून दिल्याची ओळ, तिच्या खालची ओळ, आणि चौथी म्हणजे त्यानं स्वतः लिहिलेली. निरीक्षक बाईंची कचेरी बसनं वीस मिनिटांवर होती. बाईंनी कागद दोनदा वाचले. वाचल्याची पोच आणि पोचल्याची पोच यांतला फरक पुन्हा समजावून घेतला. पहिली सूचना अर्धवट का होती, आणि दुसरी का आलीच नाही, ही दोन वेगळी कारणं त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चौथ्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

"ही कोणी घातली?"

"मी."

"कशासाठी?"

हमादीला यावर तांत्रिक उत्तर सुचलं होतं, बसमध्ये त्यानं ते जुळवूनही ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "मित्रानं सांगितलं म्हणून."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याच्याकडं सहीसाठी कागद सरकवला.

पुढचं सगळं पंधरवड्यात उरकलं. लसादला कामावरून दूर केलं, खटला कोर्टात गेला. रौधाच्या माथ्यावरचा दोष निघाला. हमादीला ट्यूनिसहून एक कडक पत्र आलं आणि पाठोपाठ दुसरं, की आता सगळ्याच पेट्या बाहेरच्या सर्व्हरवर नेण्याचं ठरलं आहे, तळघरातली यंत्रं जूनअखेर बंद होतील, आणि हमादी कशाऊ यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतल्यास कंपनीची हरकत नाही. हरकत कोणाचीच नव्हती.

लसाद त्याला एकदाच भेटला, कारखान्याच्या आवारात, गाडीत खोकी भरताना. हमादी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. एक खोकं उचलायला हात पुढं केला तर लसादनं ते आपल्याकडं ओढून घेतलं.

"मी तुला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं," लसाद म्हणाला.

"ठाऊक आहे."

"चार दिवस गप्प बस म्हटलं होतं. तू तर आयुष्यभर गप्प बसलास. चार दिवस जड गेले तुला?"

हमादी गाडीच्या वाटेतून बाजूला झाला. गाडी फाटकातून बाहेर पडली. साडेदहाला तो टपरीकडं गेला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तळघरातच थर्मासमधली कॉफी घेऊ लागला.

त्याला वाटत होतं की रौधा येईल. आभार मानायला नव्हे, नुसतं सांगायला, की प्रकरण मिटलं. ती आली जूनच्या पहिल्या आठवड्यात. तिला दुसरीकडं नोकरी मिळाली होती, पेटी बंद करायचा अर्ज घेऊन आली होती. या वेळी ती खुर्चीत बसली. अर्ज मेजावर ठेवला, आणि बराच वेळ हातातल्या किल्ल्या चाळवत राहिली.

"एक गोष्ट बोलायची होती," ती म्हणाली. "रागानं नाही बोलत. त्या आठवड्यात लसाद ट्यूनिसला ये-जा करत होता. मी रोज सकाळी बघायचे, वाचल्याची पोच आली का. नाही आली. मला वाटलं, त्यानं अजून उघडलंच नाही, परत आला की बघेल. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, वरून लेखी आणा, मग दालन रिकामं करतो. म्हणून मी थांबले. त्याच दिवशी पोच आली असती ना, सी हमादी, की यानं वाचलंय आणि काही केलेलं नाही, तर मी त्याच्या मेजापुढं जाऊन उभी राहिले असते. दालन बंद झाल्याशिवाय हलले नसते."

हमादीचे हात मेजावर होते. ते त्यानं उचलून मांडीवर घेतले.

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आपणहून एवढं केलंत. वर आणखी तुमच्यावर काय टाकायचं." ती उठली. मग पिशवीतून एक बंद पाकीट काढलं. "मी नूरुद्दीनकडं जाणार होते. दोनदा बंदरापर्यंत गेले, तिकीट काढलं आणि परत आले. मला त्याच्यापुढं उभं राहवत नाही. त्याला हे पत्र मिळायला हवं. पोस्टानं पाठवलं तरी तो कसं..." तिनं वाक्य सोडून दिलं.

हमादी म्हणाला, मी नेतो.

केरकेनाची फेरीबोट निघाली तेव्हा समुद्र ताटासारखा सपाट होता. वरच्या मजल्यावर लग्नाचं वऱ्हाड होतं, बायका गात होत्या. एका म्हातारीनं त्याच्या हातावर बदामाची वडी ठेवली आणि पोरंबाळं किती विचारलं. नाहीत म्हटल्यावर तिनं आणखी एक वडी ठेवली. बेटावर, सिदी युसूफच्या धक्क्याला उतरून त्यानं बस धरली. खजुरीची खुजी झाडं, दोन्ही बाजूंना उथळ पाणी, पाण्यात मासे अडवायला रोवलेल्या फांद्यांच्या रांगा. नूरुद्दीनचं घर बसवाल्यानंच दाखवलं. तो आंधळा ना, म्हणाला, ते निळ्या दाराचं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. मबरूका नाव तिचं. कारखान्यातून आलोय म्हटल्यावर ती दारातून हटली नाही. कारखान्यातून आजवर दोनदा माणसं आली होती आणि दोन्ही वेळा कागदांवर अंगठे घेऊन गेली होती. मला काही सही नको, हमादी म्हणाला, तेव्हा तिनं वाट दिली.

अंगणात मातीच्या घागरी ओळीनं लावल्या होत्या, ऑक्टोपस धरायच्या. नूरुद्दीन भिंतीच्या सावलीत चटईवर बसून एकेका घागरीच्या गळ्याला दोरी बांधत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि चष्म्याच्या कडेनं गालावर उतरलेली गुलाबी, ताणलेली कातडी. गाठ मारून झाली की तो ती दोनदा ओढून बघत होता.

"कोण आलंय?" त्यानं विचारलं.

हमादीनं नाव सांगितलं. ते ऐकून त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "मी कारखान्यातली मेल बघायचो. पत्रं येतात-जातात ती."

"मला कधी आलं नाही."

"नाही. तुम्हा लोकांना पेटी नव्हती."

मबरूकानं चहा आणला. हमादीनं तो खाली ठेवला आणि सांगायचं होतं ते सांगितलं. इकडंतिकडं न बघता, एकामागून एक. रौधानं पत्र कधी लिहिलं. लसादनं ते कधी उघडलं. पोच निघाली होती, ती आपण अडवली. का अडवली. ती पोच पोचली असती तर रौधानं काय केलं असतं. कुठं अडखळला तर थांबला आणि तेच वाक्य पुन्हा नीट म्हणाला. नूरुद्दीनचे हात दोरीवर थांबले होते. मबरूका चहाचा ट्रे छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती.

"म्हणजे त्याला माहीत होतं," नूरुद्दीन म्हणाला.

"हो."

"किती वेळ बघितलं त्यानं ते?"

"एक मिनिट. त्याहून कमीच असेल."

नूरुद्दीननं मान हलवली. रागानं तो काही तरी फेकून मारेल, जा म्हणेल, असं हमादीला वाटत होतं, आणि त्याची तयारी होती. पण त्यानं घागर मांडीवरून उतरवून बाजूला ठेवली आणि विचारलं, "त्यात लिहिलं काय होतं तिनं?"

हमादीला ते ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत त्यानं दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नव्हतं. पाकिटावरचं तेवढं बघायचं, आत डोकवायचं नाही. त्यानं रौधाचं पाकीट काढून पुढं केलं. हे तुमच्यासाठीच आहे, म्हणाला.

"तुम्हीच फोडा. हिला फ्रेंच येत नाही. मला तर आता काहीच येत नाही."

हमादीनं पाकीट फोडलं. एकच पान होतं, छापलेलं, पाच ओळींचं, वर तारीख अकरा फेब्रुवारीची. फ्रेंच मजकूर तो थांबत थांबत त्यांच्या बोलीत सांगत गेला. तिसऱ्या शीतगृहातला वाल्व अमोनिया सोडतो आहे. मी काल आणि आज तपासला. सकाळच्या पाळीतला नूरुद्दीन यानं डोळे चुरचुरत असल्याचं मला दोनदा सांगितलं आहे. तो कधी उगाच तक्रार करत नाही. वाल्व बदलेपर्यंत त्याला आणि इतर कोणालाही आत पाठवू नये अशी विनंती.

खालच्या सहीपाशी येऊन तो थांबला.

"माझं नाव लिहिलंय तिनं?"

"हो."

"मी तिला सांगितलं होतं खरं. दोनदा. मला वाटलं, तिनं ऐकून सोडून दिलं." त्यानं हातातली दोरी बाजूला ठेवली. "ते परत वाचा. तिसरी ओळ."

हमादीनं वाचली, सावकाश. वाचून झाल्यावर नूरुद्दीननं हात पुढं केला. हमादीनं कागद त्याच्या हातात दिला. दोरीनं खरबरीत झालेली बोटं कागदाच्या कडेवरून फिरली, वरून खाली आली, मध्येच थबकली, परत वर गेली. छापील अक्षरं बोटांना लागत नव्हती.

"कुठं आहे?"

हमादी चटईवर सरकून त्याच्या शेजारी बसला. त्यानं नूरुद्दीनचं बोट धरलं आणि तिसऱ्या ओळीवर, नावाच्या पहिल्या अक्षरापाशी, टेकवलं. मग शेवटच्या अक्षरापर्यंत हळू नेलं.

"इथून इथवर," तो म्हणाला.

नूरुद्दीननं बोट तिथंच दाबून ठेवलं. परतीच्या फेरीची वेळ होत आली होती. मबरूकानं आत जाऊन तिसऱ्या माणसाचं ताट मांडल्याचा आवाज आला, आणि हमादी बसून राहिला.